'प्यून' शब्दाची पायपीट

प्यून हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. बँक म्हणा, शाळा म्हणा, मोठी कंपनी म्हणा, तिथे आता 'ऑफिस असिस्टंट', 'सपोर्ट स्टाफ', 'मल्टी टास्किंग स्टाफ' अशी लांबलचक नावे आली आहेत. पण आपल्या समाजातील ज्या पिढीने गाव सोडून मुंबई गाठली, तिच्या घराघरांत हा शब्द रोजच्या वापरातला होता. 'मुलगा काय करतो?' 'प्यून आहे, सरकारी.' एवढ्यावर सोयरिकी जमत. मुलीचा बाप निर्धास्त होई. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार आणि म्हातारपणी पेन्शन, ही गोष्ट त्याने स्वतःच्या आयुष्यात कधी पाहिलेली नसे.

आमचे आप्पा अशाच सरकारी प्यूनपैकी एक. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाहून सातवी पास होऊन ते मुंबईला आले. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत एका खोलीत सात-आठ जणांत राहिले. १९७१ साली एका सरकारी कचेरीत प्यून म्हणून चिकटले आणि २००७ साली प्यून म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या काळात, १९९२ साली, चाळीतील इतर अनेक कुटुंबांप्रमाणे आम्हीही स्वस्तातल्या जागेसाठी नालासोपाऱ्याला आलो. तेव्हापासून वसई तालुका हेच आमचे गाव.

मध्यंतरी आमच्या विहाराच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतील निवृत्त ज्येष्ठांचा सत्कार ठरविला. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आप्पांच्या नावापुढे काय लिहायचे यावर तरुण मुलांत चर्चा झाली. 'काका, प्यून नको लिहायला. बरे दिसत नाही. निवृत्त शासकीय कर्मचारी लिहू या.' मुलांचा हेतू चांगलाच होता. आप्पांना विचारले, तर ते म्हणाले, "छत्तीस वर्षं मस्टरवर सही करून ह्याच नावाचा पगार घेतला. आता हार घालून घ्यायच्या वेळी नाव कशाला बदलू?" पत्रिकेवर 'निवृत्त प्यून' असेच छापले. ती पत्रिका घरी वाचताना माझ्या धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, प्यून म्हणजे काय? हा मराठी शब्द आहे की इंग्रजी?" नुसते 'शिपाई' एवढे सांगून तिचे समाधान होईना. तेव्हा मी शोध घ्यायचे ठरविले. जे हाती लागले ते आपल्या घरातील सर्वांनी वाचावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा शब्द इंग्रजीत आहे, पण इंग्रजांचा नाही. तो त्यांनी पोर्तुगिजांकडून उचलला. इंग्रज हिंदुस्थानात जे देशी-विदेशी शब्द वापरत, त्यांचा एक जाडजूड कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी १८८६ साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. त्यात प्यूनची नोंद आहे. पोर्तुगीज भाषेत 'पे' म्हणजे पाऊल, आणि त्यावरून 'प्यांव' म्हणजे पायी चालणारा. घोडेस्वार नव्हे तो, पायदळातला शिपाई. त्याच्याही मागे गेले तर लॅटिन भाषेतील 'पेस' म्हणजे पाय हा शब्द लागतो. त्यावरूनच इंग्रजीतील 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी आला. आपल्या घरातील शिलाई मशीनचे 'पेडल' आले, तेही त्यावरूनच.

गंमत अशी की, लॅटिनमधला हा पाय आणि आपला पाय हे एकाच घराण्यातले. संस्कृतात पाद, पालीत पद, फारसीत पा, मराठीत पाय. फारसीतला 'प्यादा' म्हणजे पायी चालणारा, बुद्धिबळातले आपले 'प्यादे' तेच. पायदळ, पायजमा, पायपीट, सगळी एकाच मुळाची पाने. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की, इंग्रजीतला 'फूट' हासुद्धा त्याच मुळाचा. म्हणजे प्यून हा शब्द परक्या देशातून आला खरा, पण आला तो दूरच्या चुलतभावासारखा.

वसईकरांना पोर्तुगीज काही नवे नाहीत. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई त्यांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पाच्या फौजेने किल्ला घेतला, तोवर दोनशे वर्षे ते इथे होते. किल्ल्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. पण भिंतींपेक्षा त्यांचे शब्द जास्त टिकले. आपण सकाळी पाव खातो, दाराला चावी लावतो, बादलीत पाणी भरतो, बांधकामावर घमेले उचलतो, कर्ज थकले तर बँक घराचा लिलाव करते. हे सगळे शब्द पोर्तुगिजांचे. आणि ज्या एका शब्दाची आपण महिनाभर वाट पाहतो तो 'पगार', तोही त्यांचाच. प्यून आणि पगार ही जोडी अशी एकाच माहेरची आहे.

सतराव्या शतकात इंग्रज सुरतेला वखार थाटून बसले. वखारीच्या पहाऱ्याला, साहेबाच्या पालखीपुढे धावायला, निरोप पोचवायला पायी चालणारी माणसे लागत. किनाऱ्यावर व्यवहाराची भाषा आधीपासून पोर्तुगीज होती, म्हणून त्या माणसांना त्यांनी पोर्तुगीज नाव दिले. पुढे त्या माणसाच्या हातातली ढाल-तलवार गेली आणि फायली व लखोटे आले. नाव मात्र राहिले. मुंबई इलाख्यात त्याला 'पट्टेवाला' म्हणत, कारण त्याच्या कमरेला किंवा खांद्यावरून पट्टा आणि त्यावर कचेरीचा पितळी बिल्ला असे. उत्तरेत बिल्ल्याला चपरास म्हणत, म्हणून तिकडे तो 'चपराशी' झाला. मराठीत आपण 'शिपाई' म्हणतो. फारसी 'सिपाही' म्हणजे सैनिक, त्याचेच हे रूप. पाहा, नावे तीन-चार, पण लढणारा आणि चालणारा माणूस त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

याच पोर्तुगिजांनी इंग्रजीला आणखी एक शब्द दिला. तो म्हणजे 'कास्ट'. पोर्तुगीज भाषेत 'कास्ता' म्हणजे वंश, कूळ, जात. इथला समाज पाहून त्यांनी तो शब्द इथल्या जातींना लावला आणि इंग्रजांनी तो त्यांच्याकडून घेतला. म्हणजे जात आपली, पण तिचे इंग्रजी नाव पोर्तुगिजांचे. प्यून आणि कास्ट हे दोन शब्द असे एकाच वाटेने इंग्रजीत शिरले. ते दोन्ही ज्या ठिकाणी समोरासमोर आले ती गोष्ट आपल्याला परिचयाची आहे, पण या बाजूने आपण तिच्याकडे क्वचितच पाहतो.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने बाबासाहेबांच्या आठवणी १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत साताऱ्याच्या शाळेतील पाण्याचा प्रसंग आहे. लहानग्या भीमाला शाळेच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. स्पृश्य माणसाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि ते काम शाळेचा प्यून करी. तो जागेवर नसला की मुलाने तहान मारून बसायचे. पुढे तोच मुलगा अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला. मोठा अधिकारी झाला. तरी कचेरीतले प्यून विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

या दोन प्रसंगांचा मी कारकुनी पद्धतीने ताळा मांडून पाहिला. शाळेत प्यून सर्वांत खालच्या पगाराचा नोकर, तरी मुलाच्या तहानेवर त्याची सत्ता. बडोद्यात साहेब वरच्या हुद्द्यावर, प्यून सर्वांत खाली, तरी फाईल फेकण्याची हिंमत प्यूनची. म्हणजे प्यून या हुद्द्यात कमीपणा आहे म्हणावे, तर हिशेब जुळत नाही. कमीपणा आणि मोठेपणा हुद्द्यातून आलेलाच नाही. तो दुसऱ्या शब्दातून, कास्टमधून आलेला आहे. आपली मुले ज्या शब्दाला लाजतात तो शब्द निर्दोष आहे. लाज वाटायला हवी ती दुसऱ्या शब्दाची, आणि तीसुद्धा आपल्याला नव्हे.

आप्पांची गोष्ट त्याच ताळ्यात बसते. १९७१ साली कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना टेबलांवर पाण्याचे ग्लास ठेवण्याचे काम दिले. दोन-तीन टेबलांवरचे ग्लास संध्याकाळपर्यंत भरलेले तसेच राहिले. कोणी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी हेडक्लार्कने पाण्याचे काम दुसऱ्या प्यूनकडे दिले आणि आप्पांना म्हटले, "तुझे पाय तरणे आहेत, तू टपाल बघ." अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झाला होता, त्याला सोळा वर्षे उलटली होती. साताऱ्याच्या शाळेत प्यून जागेवर नसला की मुलाला पाणी मिळत नसे, आणि इथे आमच्या माणसाने प्यून होऊन पाणी दिले तर ते कोणी पिईना. माणसे उलटसुलट झाली, पाणी होते तिथेच राहिले.

त्या दिवसापासून आप्पा टपालाचे प्यून झाले, म्हणजे खऱ्या अर्थाने पायी चालणारे. चर्चगेटपासून फोर्टातल्या एकेका कचेरीत, मंत्रालयात, परत बोरीबंदरपर्यंत. बसचे पैसे वाचवायला तेही चालत. वर्षाला चपलेचे दोन जोड झिजत, हा हिशेब आमच्या आईच्या तोंडपाठ होता. पण त्यांच्या काखेत टपालवही असे. लखोटा घेणाऱ्याने त्या वहीत सही केलीच पाहिजे, हा नियम. ज्यांनी त्यांच्या हातचा ग्लास घेतला नव्हता, त्यांनाही लखोटा हातात घ्यावा लागे आणि त्यांच्या वहीत सही करावी लागे. आप्पा हे सांगताना हसत नसत आणि रागावतही नसत. "सही घेतल्याशिवाय मी हललो नाही," एवढेच म्हणत. काही वर्षांनी ते जुने लोक बदलून गेले, नवे आले. तेव्हा कोणत्याही टेबलावरचा ग्लास भरलेला राहिला नाही, हेही ते सांगत.

आता कोणी म्हणेल, एवढे सोसून त्या नोकरीचा अभिमान कशाला? त्याचे उत्तर आप्पांच्या वडिलांच्या आयुष्यात आहे. आमचे आजोबाही पायीच चालत होते. कोणा घरी मयत झाले की दहा कोसांवरच्या नातेवाइकांना सांगावा पोचवायचा. सरकारी कागद आणि वसुली तालुक्याला न्यायची, आलेल्या अंमलदाराचे ओझे वाहायचे, हाक येईल तेव्हा, दिवस असो की रात्र. काम प्यूनचेच होते. पण त्याला पगार नव्हता, वेळ नव्हती, रजा नव्हती. मिळे ती मागून आणलेली भाकरी. याला गावकी म्हणत, वतन म्हणत. 'वतन' हे नाव किती भारदस्त! पण आत होती ती गुलामी. बाबासाहेबांनी ते ओळखले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी पार पडले नाही. ही कनिष्ठ गाववतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. बाबासाहेब ते पाहायला नव्हते.

वतनदार या मोठ्या नावाने चालणारा आजोबा आणि प्यून या छोट्या नावाने चालणारा बाप. दोघांचे पाय तेच, रस्ता तेवढाच. पण बापाच्या चालण्याला मस्टर होते, पगारपत्रक होते, वर्षाची रजा होती, प्रॉव्हिडंट फंड होता. फरक पडला तो नावाने नव्हे, हक्काने. हा हक्क आपोआप आलेला नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या प्रयत्नाने १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. पुढे संविधानाने ती वाट कायम केली. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्रात ही सवलत मिळायला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

नावापेक्षा हक्क मोठा, हे पटायला हाच शब्द समुद्रापलीकडे काय झाला ते पाहावे. स्पॅनिश लोकांनी हा शब्द अमेरिका खंडात नेला. तिथे त्याचा उच्चार 'पीऑन' असा होतो. मेक्सिकोत आणि त्याला लागून असलेल्या न्यू मेक्सिकोत पीऑन म्हणजे कर्जापोटी मालकाच्या शेतावर अडकलेला मजूर. उचल घ्यायची, ती कधी फिटायची नाही, आणि फिटेपर्यंत जमीन सोडायची नाही. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी ही पद्धत शिल्लक होती, म्हणून २ मार्च १८६७ रोजी तिच्यावर बंदी घालणारा वेगळा कायदा करावा लागला. तरीही दक्षिणेतील राज्यांत काळ्या मजुरांना उचलीच्या कागदावर बांधून ठेवण्याचे प्रकार चालूच होते. १९११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामा राज्याचा अशा प्रकारचा कायदा रद्द ठरविला. एकच शब्द. आपल्याकडे त्याने सोयरीक जमे, तिकडे त्याने माणूस जखडला जाई.

आणि वसईकरांनी हे फक्त अमेरिकेचे आहे असे समजू नये. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली, १९७६ साली संसदेने वेठबिगार पद्धत नष्ट करण्याचा कायदा केला, तरी आपल्याच तालुक्यातले आदिवासी लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी मालकाकडे पिढ्यान् पिढ्या राबत होते. १९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने वसई व आसपासच्या भागातील अशा वेठबिगारांना सोडविण्याचे मोठे काम केले. लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या आपल्या 'सरकारी' प्यूनपासून तो अमेरिकन अर्थाचा 'पीऑन' काही मैलांवरच्या पाड्यात राहत होता.

शब्दाच्या घराण्यात आणखी दोन भावंडे आहेत, तीही मुलांना सांगावीत अशी. बुद्धिबळातल्या प्याद्याला इंग्रजीत 'पॉन' म्हणतात. तोही याच मुळातून फ्रेंचमार्गे आला. पटावरची बाकी सारी मोहरी मागे फिरतात, प्यादे मात्र कधी मागे जात नाही. दुसरे भावंड अधिक थोर आहे. फौजेच्या पुढे जाऊन झाडी तोडणारे, रस्ता करणारे, खंदक खणणारे जे पायदळातले लोक, त्यांना फ्रेंचांनी जे नाव दिले त्यावरून इंग्रजी 'पायोनियर' शब्द आला. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत अशा पायोनियर पलटणी होत्या. शीख पायोनियर पलटणींत मजहबी शिखांची, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या शिखांची, भरती होई. आता कोणत्याही क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्याला आपण मानाने पायोनियर म्हणतो. शास्त्रज्ञाला म्हणतो, डॉक्टरला म्हणतो. गाव सोडून, गावकी सोडून, सातवीच्या दाखल्यावर सरकारी कचेरीच्या पायऱ्या पहिल्यांदा चढलेल्या माणसाला म्हणायला काय हरकत आहे? त्यांच्या मागून आपण आलो. मी बी.कॉम. झालो, कारकून झालो. माझी बहीण परिचारिका झाली. रस्ता त्यांनी केला, आम्ही त्यावरून चाललो.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, केंद्र सरकारने चतुर्थ श्रेणी काढून टाकली आणि प्यूनला 'मल्टी टास्किंग स्टाफ' असे नाव दिले. तिथे नाव बदलले तसा पगाराचा टप्पाही वर गेला, हे मान्य केले पाहिजे. पण सगळीकडे तसे नाही. आपल्या राज्यात डिसेंबर २०२० मध्ये खासगी अनुदानित शाळांतील शिपायांची पदे पूर्वीसारखी न भरता त्याऐवजी 'शिपाई भत्ता' देण्याचा शासन निर्णय निघाला. बऱ्याच कचेऱ्यांत ही कामे ठेकेदारामार्फत दिली जातात. आमच्या वस्तीतला एक तरुण पदवीधर आहे. त्याच्या गळ्यात रंगीत फीत, त्याला ओळखपत्र, त्यावर 'ऑफिस असिस्टंट' असे सुबक अक्षरांत लिहिलेले. पण पगाराची पावती मिळत नाही, भविष्यनिर्वाह निधी कापतात पण भरतात की नाही कळत नाही, अकरा महिन्यांनी घरी बसवून पुन्हा नव्याने घेतात. तो काम करतो ती कंपनी म्हणते, तू ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणतो, कंपनीला विचार. आप्पांनी त्याची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि विचारले, "मस्टर कोणाच्या नावाचं आहे?" त्याला सांगता आले नाही. आजोबांचे 'वतन' आणि या मुलाचे 'असिस्टंट' यांत मला काही साम्य दिसते. नाव भारदस्त, आणि आत हक्काची जागा रिकामी.

या विषयावर पोर्तुगिजांच्याही फार आधीचा एक दगड आपल्या तालुक्यात सापडलेला आहे. सोपाऱ्याचा स्तूप आपण सर्वांनी पाहिला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, वसईजवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखाचा पूर्ण मजकूर देशात इतर ठिकाणी सापडलेल्या शिळांवर वाचता येतो. अशोक त्यात सांगतो की, लोक आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकार्ये करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे, आणि त्याच्या यादीत त्याने दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे ही गोष्ट घातली आहे. गुरूंचा आदर त्याच्या सोबतीने येतो. जो राजा दगडावर नोकराची आठवण कोरून ठेवतो, त्याच्या राज्यात भरलेला ग्लास टेबलावर पडून राहिलेला त्याला चालला नसता, असे मला वाटते.

म्हणून समाजबांधवांना आणि विशेषतः भगिनींना माझे सांगणे आहे. शाळेच्या फॉर्मवर आजोबांचा किंवा वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली, तर प्यून हा शब्द मोकळेपणाने लिहा आणि मुलांना त्याचा अर्थ सांगा, पायी चालणारा. ते कुठून कुठे चालत आले तेही सांगा. जुन्या टपालवह्या, बिल्ले, नेमणुकीची पत्रे घरात असतील तर रद्दीत घालू नका. आपल्यापैकी जे आज टेबलामागे खुर्चीवर बसले आहेत, त्यांनी पाणी आणून देणाऱ्याचे नाव विचारावे आणि त्याला त्याच नावाने हाक मारावी.

आणि आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी कुठेही कामाला लागली, तर हुद्द्याचे नाव काय, हे मागाहून विचारा. आधी विचारा की नेमणुकीचे पत्र मिळाले का, पगाराची पावती मिळते का, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि राज्य विम्याचे कार्ड आहे का. निधीचे पैसे खरोखर जमा होतात की नाही, हे क्रमांकावरून मोबाईलवर पाहता येते. ज्यांना पाहता येत नसेल, त्यांच्यासाठी आमच्या विहारात दर रविवारी सकाळी दहानंतर आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते बसतो. येताना ओळखपत्र आणि असतील ते कागद घेऊन यावेत.